रामरावांची तेहतीस गाणी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मला पडदा नाही, कळफलकही नाही. मुडबी गावात रामरावांच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात मी दिवसभर घरघरत बसलेला असतो. पाहुणे माझ्यावर खुशाल चहाची कपबशी ठेवतात. मला राग येतो, पण सांगू कुणाला?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते आठवत नाही. डोळे उघडले ते बसवकल्याणच्या एका झेरॉक्सच्या दुकानात. तिथे नऊ वर्षं मी कानडीत अर्ज लिहिले आणि मराठीत लग्नपत्रिका जुळवल्या. लोक माझं कौतुक करायचे. मग नवा संगणक आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. दोन वर्षं धूळ खाल्ली. शेवटी मालकानं दुकानात काम करणाऱ्या नागसेनला सांगितलं, "घेऊन जा, न्हाईतर भंगारात घालतो."

नागसेन हा रामरावांचा मुलगा. रामराव भीमगीतांचे गायक. तीस वर्षं त्यांची पार्टी गावोगाव गायली, त्यांच्यामागे टाळ्यांचा ठेका धरून पार्वतीबाई, म्हणजे त्यांची पत्नी, कोरस म्हणायच्या. पुढे रामरावांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता ते फक्त कुजबुजू शकतात. तो आवाज उरला होता बुरशी धरलेल्या कॅसेटींमध्ये. नागसेननं टेपला वायर लावून तेहतीस गाणी माझ्यात उतरवली. प्रत्येक फीत जेमतेम एकदा वाजली आणि तुटली. म्हणजे रामरावांचा गळा आता माझ्या पोटात होता. असा मान मला दुकानात कधीच मिळाला नव्हता.

ही गाणी घरातल्या सगळ्या फोनांवर ऐकू यावीत म्हणून नागसेननं मला वायफायच्या डब्याला जोडलं. सुरुवातीला फोनला मी सापडायचो, पण लाईट जाऊन आली की सापडायचो नाही, कारण वायफायचा डबा दर वेळी माझा पत्ता बदलायचा. मग नागसेननं मला एक कायमचा पत्ता दिला. गाण्यांचा फोल्डर उघडला. आता पासवर्ड घालायचा राहिला होता.

रामराव खुर्ची ओढून जवळ बसले होते. ते कुजबुजले, "घरातल्या घरात कुलूप कामून?"

मुडबीत त्यांच्या दाराला दिवसा कधी कडी नसते. नागसेनलाही ते पटलं. वायफायला आधीपासूनच पासवर्ड नव्हता; त्यानं फोल्डरही सताड उघडा ठेवला. कुणीही यावं, ऐकावं, ठेवावं, पुसावं. मला तेव्हाच जरा धाकधूक वाटली होती.

वैशाख पौर्णिमा चार दिवसांवर आली. विहारात त्या संध्याकाळी रामरावांची गाणी भोंग्यावर लावायचं ठरलं होतं. त्यांनी पांढरा सदरा आधीच धुऊन ठेवला होता. पार्वतीबाई घर झाडून काढत होत्या. मध्येच त्यांचा फोन म्हणाला, जागा संपली. त्यांनी फोनात पाहिलं, तर गाण्यांची भली मोठी यादी. त्यांना वाटलं, हीच फोन भरून बसलीत. मशिनीत तर आहेतच की! त्यांनी सगळी निवडली आणि पुसून टाकली.

मित्रांनो, हुकूम आला आणि मी मुकाट्यानं पाळला. वर दुपारी नागसेननं पाठवलेलं एका लग्नाचं चित्रीकरण मी नेमकं त्याच जागेवर लिहून बसलो. याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी नागसेननं फोल्डर उघडला, तर रिकामा. पुसलेलं परत काढायची खटपट त्यानं दुपारपर्यंत केली, पण हाती काही लागलं नाही.

"म्या माझ्या फोनातलं पुसलं रं," पार्वतीबाई घाबरून म्हणाल्या. "तुझ्या मशिनीतलं कसं गेलं?"

"माय, फोनात ते नव्हतंच. फोनात निस्तं दिसायलं होतं. होतं ते हितंच."

रामरावांनी धुतलेला सदरा उचलून पेटीत टाकला. ते पाहून पार्वतीबाईंना रडू आवरेना.

रडणं ऐकून शेजारची यल्लम्मा आली. सगळं ऐकल्यावर पदराशी चाळा करत रामरावांना म्हणाली, "अण्णा, रागावू नका. तुमच्या वायफायवरून म्या गाणे घेतले होते. न विचारता. बारा हायेत माझ्या फोनात."

"मग आणिक कुणी घेतलेत का?" नागसेननं विचारलं.

"गल्लीत समद्यांनीच घेतलेत की!"

संध्याकाळपर्यंत ओसरीवर फोनांची रांग लागली. कुणाकडे पाच, कुणाकडे वीस. दार उघडं होतं म्हणून गाणी गेली, आणि दार उघडं होतं म्हणूनच ती परत आली. एकतीस गाणी मिळाली. दोन कुणाकडेच नव्हती.

"ते दोन मला पाठ हायेत," पार्वतीबाई खालमानेनं म्हणाल्या.

नागसेननं फोन समोर धरला. रामरावांनी ढोलकी मांडीवर घेतली. आयुष्यभर कोरस म्हणणारी बाई पहिल्यांदा एकटी गायली. तिसऱ्या कडव्याला त्या अडखळल्या, तेव्हा रामरावांनी कुजबुजत शब्द पुरवले. नीट कान दिला, तर माझ्याकडच्या गाण्यात ती कुजबुजही ऐकू येते.

पौर्णिमेला तेहतीसच्या तेहतीस गाणी वाजली. रामराव पांढऱ्या सदऱ्यात पुढेच बसले होते, असं मला नंतर कळलं.

मित्रांनो, जिवापाड जपायची वस्तू एकाच ठिकाणी ठेवू नका. माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या भरवशावर तर मुळीच नको. आता गाण्यांची एक प्रत नागसेन काम करतो त्या दुकानात असते. फोल्डरही त्यानं नव्यानं लावला. ऐकायला सगळ्यांना मोकळीक, पुसायचा हक्क एकालाच.

"कुणाला देऊ, अप्पा? तुम्हाला?" त्यानं विचारलं होतं.

रामरावांनी नकारार्थी मान हलवली आणि पार्वतीबाईंकडे बोट केलं. "हिला दे," ते कुजबुजले. "हिच्याइतकं आता कुणी जपायचं न्हाई."