वाचता येतं ना?

दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या उर्दू शाळेचे सर निवृत्त झाले. नवे कुणी आले नाहीत. पोरंही मोजकीच उरली होती, म्हणून ती शाळा बंद झाली आणि सुट्टी संपल्यावर सोमवारी तैयबाला मराठी शाळेच्या तिसरीत बसवलं.

रचनाबाईंनी तिला जवळ बोलावलं. "मराठी येते ना गं?"

येते म्हणजे काय! घरात, मोहल्ल्यात, बाजारात ती बोलायची ती मराठीच. तिनं मान डोलावली.

"आणि वाचता येतं ना?"

तिच्या जुन्या शाळेत मराठीचा तास वेळापत्रकातच राहिला होता, वर्गात कधी झाला नव्हता. पण अख्खा वर्ग वळून बघत होता. तैयबानं पुन्हा मान डोलावली.

शेजारी बसायची अमिषा, कोळीवाड्यातली. वाचायला लागली की तिचा आवाज पार शाळेच्या ओटीपर्यंत जायचा. तैयबा नुसती ऐकायची. मदरशात कुराणातल्या सूरा पाठ करून तिचे कान तयार झाले होते. एकदा कानावर पडलेलं सहसा निसटत नसे. मंगळवारी अमिषानं खेकड्याचा धडा दोनदा वाचला. बुधवारी बाईंनी तैयबाला उभं केलं, तेव्हा तिनं पुस्तक समोर धरून तोच धडा न अडखळता म्हणून टाकला. बोट मात्र ओळीवरून उजवीकडून डावीकडे फिरत होतं. ते फक्त अमिषानं पाहिलं.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. "शनिवारी शाळा तपासायला केंद्रप्रमुख येणार आहेत. त्यांच्यासमोर तूच वाच हं."

टाळ्या वाजल्या. तैयबानं पुस्तक मिटून दप्तरात घातलं.

मधल्या सुट्टीत अमिषानं तिला नळापाशी गाठलं. "तुला वाचता न्हाय येत. व्हय ना?"

"कुणाला सांगू नको."

"मी कशाला सांगू? पन सायबांनी दुसरा धडा काढला तर?"

"मग तू मला सगळे वाचून दाखव."

गुरुवारी दोघी शाळेमागच्या सुरूच्या झाडाखाली बसल्या. अमिषा वाचत गेली, तैयबा गिळत गेली. संध्याकाळी कोंबड्या कोंडतानाही तिचे ओठ हलत होते. एका धड्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाला लागत होतं. अजून अर्धं पुस्तक शिल्लक होतं, आणि शुक्रवारी अमिषा आलीच नाही. मावशीच्या हळदीला रेवसला गेली होती. तैयबा दिवसभर पुस्तक उघडून बसली. काठीवर टांगलेल्या बोंबलांसारखी अक्षरं रेघेखाली लोंबत होती. एकही बोलेना.

"अम्मी, पोटात दुखताय," शनिवारी सकाळी ती म्हणाली.

"काय दुखत नाय तुझा. अब्बांना फोनवर सांगितलाय मी. कुवेतमदे सगल्यांना सांगत सुटलेत ते, आमची तैयबा सायबांपुढं वाचणार म्हणून. चल, वेणी घालू दे."

केंद्रप्रमुखांनी पुस्तक चाळलं आणि शेवटचा धडा काढून तिच्या हातात दिलं. "हा वाच, बाळ."

तैयबा उभी राहिली. बाई हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होत्या. तैयबानं पुस्तक समोर धरलं, आणि तोंडातून निघाला तो खेकड्याचाच धडा.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी चष्मा सारखा केला. "अगं, इथं खेकडा कुठं आहे?"

"मला वाचता येत नाय," तैयबा म्हणाली. मग आणखी हळू, "उर्दू येता."

बाईंचा चेहरा उतरला. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मॅडम, मुलगी नवीन आहे. तपासलं नाहीत?"

"विचारलं होतं, सर." बाईंनी मान खाली घातली. "नुसतंच विचारलं."

साहेब गेल्यावर बाई तिच्याजवळ आल्या. रागावल्या नाहीत. उर्दूत नाव लिहायला सांगितलं, तिनं झरझर लिहिलं तेव्हा कौतुकानं बघितलं. "पण मधल्या सुट्टीपर्यंत तू रोज पहिलीत बसायचंस," त्या म्हणाल्या. "दुसरा रस्ता नाही, बाळ."

पहिलीचा बाक बुटका होता. तैयबाचे गुडघे फळीला टेकले. पलीकडच्या चिमुरडीनं तिला खालीवर न्याहाळलं. "तू नापास झालीस?"

भिंतीपलीकडे तिसरीचा वर्ग एका सुरात वाचत होता. तैयबानं पाटी पुढं ओढली आणि बाईंनी काढून दिलेलं अक्षर डावीकडून गिरवायला घेतलं.