पुलांग

यायानने फोन तिखटाच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि आईच्या हातातली पळी काढून घेतली.

"आधी ऐक. तू नको म्हणालीस तर बसवाल्यांना 'नाही' म्हणून कळवतो. चारच मिनिटं."

"चार? तोफू करपेल."

त्याने गॅस बंद केला.

त्याच्या बँडचं हे गाणं दोन वर्षं अख्ख्या बांडुंगमध्ये वाजत होतं. गारुतमधल्या या स्वयंपाकघरात मात्र ते येणार नाही, याची त्याने काळजी घेतली होती. गाण्यात मामाचा फोन येतो : हेंद्रा पुलांग. पुलांग म्हणजे घरी परतला; माणूस गेला तरी तसंच म्हणतात. आईला पहिला अर्थ लागतो आणि ती हेंद्रासाठी, थोरल्या मुलासाठी, भात टाकते. दुसऱ्या कडव्यात बाप जातो; तो खरोखरच वर्षभराने गेला होता. मग गिटार बराच वेळ किंचाळते.

ऐकणाऱ्यांनाही पहिलाच अर्थ लागला होता. फुटबॉलचा संघ जिंकून आला की लोक ते नाचत म्हणत. आता ईदला गावी जाणाऱ्यांसाठी एका बस कंपनीला ते जाहिरातीत हवं होतं. फक्त गिटारच्या जागी हॉर्न टाकावा, असं त्यांच्या साहेबांचं म्हणणं होतं.

"आईची फजिती आहे रे त्यात," यायान बँडमधल्या तोतोला म्हणाला होता.

"मग आईला विचार," ड्रमवरून मान वर न करता तोतो म्हणाला, "तोवर मी हॉर्नची तालीम करतो."

गाणं संपलं. आईने पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

"मला फोनवरच कळलं होतं."

"काय?"

"हेंद्रा गेला ते. मामा रडत होता. घरी आलेल्या माणसासाठी कोण रडतं, गाढवा?"

यायानने विनाकारण फोन उचलून पालथा ठेवला.

"मग भात कशाला टाकलास?"

"तू शाळेतून यायचा होतास ना. आधी सांगितलं असतं तर जेवला असतास?"

तो जेवला होता. दोनदा भात मागून घेतला होता, आणि भाजीला मीठ कमी आहे असंही म्हणाला होता.

"बसवाल्यांना काय सांगू?" गॅस पुन्हा पेटवत त्याने विचारलं.

"हो म्हण."

"आणि ते भाताचं कडवं? बदलतो."

"राहू दे," आई म्हणाली. "बाजारात सगळ्यांना पाठ झालंय."