खिडकीजवळचं टेबल

जेवायला काय मिळतं हे विचारायच्या आधी सूनबाईने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. वेटरला वाटलं, धूळ तपासणारी सरकारी बाई आली. तो धावत जाऊन मालकालाच घेऊन आला. जुन्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्या घरात लग्न होऊन आलेल्या बाईला असली खोड लागायचीच. कारखान्यात तिला सगळे सूनबाईच म्हणत आणि गेली दोन वर्षं बाहेरचे व्यवहार तीच बघत होती.

शहराच्या जुन्या भागातलं हे चौथं हॉटेल. पहिल्यात गाणी इतक्या जोरात की शेजारच्याशी खाणाखुणांनी बोलावं. दुसऱ्यातल्या खुर्च्या दिसायला देखण्या, पण बसलं की गुडघे हनुवटीला. तिसऱ्यात पदार्थांची नावं हातभर लांब आणि ताटात चिमणीचा घास. हे मात्र तिच्या मनात भरलं. समोर दगडी चौक, जेवण चवदार, आणि पाचही खिडक्या आठ वर्षांपूर्वी त्यांच्याच कारखान्यातून आलेल्या.

जेवायला येणार होत्या जुन्या वाचनालयाच्या संचालिका. त्यांच्या साठ खिडक्यांचं काम मिळालं तर कारखाना चालणार होता. नाहीतर सासरे तो शेजारच्या गोदामवाल्याला देऊन मोकळे होणार होते. तसं त्यांनी सांगूनच टाकलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणत सूनबाईने खिडकीजवळचं टेबल राखून ठेवायला सांगितलं.

हॉटेलचं नाव ऐकल्यावर सासऱ्यांनी रंधा खाली ठेवला. दुसरं कुठलंही बघ म्हणाले. का, ते काही सांगेनात. आपण पूर्व म्हटलं की हे पश्चिम म्हणणार, हे तिला लग्नापासून पाठ होतं. तिने ऐकलं नाही.

ठरल्या संध्याकाळी सासरेही कुरकुरत का होईना, सूनबाईबरोबर आले. संचालिकाबाई आल्या आणि खिडकीला पाठ करून बसल्या. सूप येईपर्यंत गप्पा छान रंगल्या. मग बाईंनी स्कार्फ गळ्याभोवती ओढून घेतला आणि मानेला गार वारा लागतोय म्हणाल्या. वेटरने भाबडेपणाने सांगून टाकलं की ही एक खिडकी पहिल्यापासून अशीच आहे, नीट बंदच होत नाही. बाकीच्या चार उत्तम आहेत.

सूनबाईला आता आठवलं. बोट फिरवलं होतं ते दाराजवळच्या खिडकीवर. ही तिने उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. टेबल बदलून घ्यावं आणि विषय हवापाण्यावर न्यावा म्हणून ती वेटरला खूण करणार, तेवढ्यात सासरे बोलले.

"ही खिडकी मी केली आहे. त्या वर्षी हिची सासू आजारी होती. रोज दवाखान्यात जायचं म्हणून मी घाई केली, लाकूड पुरतं वाळू दिलं नाही. नंतर ते आक्रसलं. मला ठाऊक होतं. आठ वर्षं या रस्त्याने आलोच नाही मी."

सूनबाईला रडू आलं आणि रागही आला. एवढं मनात धरून बसलेला माणूस, आणि ती त्यांना नुसता हेकट म्हातारा समजत होती.

संचालिकाबाईंनी चमचा ठेवला. सासऱ्यांकडे नाही, तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे माहीत असतं, तर मला इथे आणलं असतं?"

गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. "नसतं आणलं," ती म्हणाली. "पण आता कळलंय. हॉटेलचे मालक हो म्हणाले तर उद्या सकाळी आठला ही खिडकी उतरवते."

मग उठून तिने बाईंना आपली खुर्ची दिली आणि स्वतः वाऱ्याला पाठ करून बसली. बाई हसल्या. काम देते असं काही त्या म्हणाल्या नाहीत. आठ वाजता मी बघायला येते, तुमचं काम होईपर्यंत थांबते, एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पदार्थांची चौकशी करू लागल्या.

सासरे सुनेकडे वळले. त्यांनी हळूच विचारलं, "लाकूड कुठलं घ्यायचं?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता, स्वतःच्या मुलाला तर नाहीच. सूनबाईने घास गिळला.

"मागच्या भिंतीशी रचलंय ना, ते. तीन वर्षं वाळतंय."

"बरं," सासरे म्हणाले.