दोन पानांच्या मधला ठिगळ्या

धाकट्यानं बेवारस प्राण्यांचं निवारागृह चालवायला घेतलं, तेव्हा त्याची वेबसाइट बनवणं आपसूकच ताईच्या गळ्यात पडलं. ताई प्रोग्रामर. एका सुट्टीत बसून तिनं काम हातावेगळं केलं. एका पानावर दहा कुत्री. पुढची बघायची तर ‘पुढे’ दाबायचं.

सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त ठिगळ्याला घर मिळेना. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं, स्वभावानं अगदी गरीब. त्याच्याबरोबर एका बंद गोदामातून सोडवून आणलेली बाकीची कुत्री बघायला लोक येत होते. ह्याच्यासाठी साधा फोनही नाही.

“ताई, फोटो बदलून बघूया का गं त्याचा?”

“फोटोनं काय होणार? म्हातारा झालाय तो. लोकांना पिल्लं हवी असतात.”

तरी धाकट्यानं नवा फोटो पाठवलाच. ताईनं तो चढवला आणि कसा दिसतो म्हणून साइट उघडली. पहिलं पान, दुसरं, तिसरं, पार शेवटपर्यंत. ठिगळ्या कुठंच नाही! पुन्हा पहिल्यापासून बघितलं. दुसऱ्या पानाच्या शेवटी लंगडी नावाची कुत्री, तिसऱ्याच्या सुरुवातीला परत लंगडीच.

ताईनं कपाळावर हात मारला. यादी कुत्री आल्याच्या तारखेनं लावलेली, आणि गोदामातली सगळी एकाच दिवशी आलेली. तारीख सारखी असली की आधी कोण, हे कॉम्प्युटर प्रत्येक पानाला नव्यानं, आपल्या मर्जीनं ठरवत होता. त्यात लंगडी दोनदा आली आणि ठिगळ्या मधल्या मध्ये गळला. तारीख सारखी असेल तर नोंदणी क्रमांक बघ, एवढी एक ओळ तिनं घातली. ठिगळ्या जागेवर आला.

तिनं लगेच फोन लावला. “अरे, तो साइटवर दिसतच नव्हता. चूक माझी.”

“म्हणजे त्याला कुणी नको म्हटलंच नव्हतं?”

“बघितलंच नव्हतं कुणी.”

“बरं झालं गं! मी उगाच रोज त्याची समजूत काढत बसायचो.”

त्याच आठवड्यात एक निवृत्त परिचारिका आल्या. ठिगळ्यानं पहिल्याच भेटीत त्यांची चप्पल चावून ठेवली. “आता हा भरपाई म्हणून माझ्याच घरी येणार,” म्हणत त्या त्याला घेऊन गेल्या.

धाकट्यानं ही बातमी सांगितली, तेव्हा ताई मांजरांची पानं तपासत होती. तिथंही तीच खोट निघाली होती.

“तुझ्याकडे एक करडा बोका आहे का रे?” तिनं विचारलं.