पहिलं नाव जॉयचं

"जॉय," हेमाली म्हणाली.

सॅम्युएल अंकलच्या ओट्यावरच्या सगळ्या माना वळल्या. अंकलचा खडू फळ्यापाशी तसाच थांबला. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बघता बघता अख्खी गल्ली हसायला लागली. हेमालीच्या कडेवरची तिची वर्षभराची लेक रेवाही, कशाला हसायचं ते न कळता, टाळ्या पिटू लागली.

"कंचा जॉय गो?" अंकलनी विचारलं. "आमच्या मॅबेलचा?"

"हो अंकल. तोच."

तिच्या नवऱ्याने, अल्पेशने, कपाळावर हात मारून घेतला. "अगं ए, काय करतेयस? पहिली चिठ्ठी आपली निघालीय! ट्रेव्हर घे ना यार, ट्रेव्हर! समोर सोन्याचं ताट आणि तू..."

"एकदा नाव घेतलं का घेतलं," अंकल म्हणाले आणि त्यांनी फळ्यावर धर्माच्या, हेमालीच्या सासऱ्याच्या, घरापुढे मोठ्या अक्षरात 'जॉय' लिहिलं.

हा खेळ उत्तनच्या त्या गल्लीत कुणी सुरू केला ते आता कुणालाच सांगता येत नाही. गावची टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा जवळ आली की गल्लीतली सगळी घरं, कोळ्यांची काय आणि कॅथलिकांची काय, सॅम्युएल अंकलच्या ओट्यावर जमायची. चिठ्ठ्या निघायच्या. ज्याची चिठ्ठी आधी, त्याने आधी खेळाडू उचलायचा. असं फिरत फिरत प्रत्येक घराची पाचजणांची कागदी टीम व्हायची. खेळाडू खेळायचे आपापल्या खऱ्या टीमकडून, पण त्यांच्या धावा, विकेटी, कॅच यांचे पॉइंट ज्याने त्यांना उचललं त्या घराला. सगळ्यात कमी पॉइंट ज्या घराचे, त्याने त्याच संध्याकाळी सगळ्या गल्लीला जेवण रांधून वाढायचं. धर्माचं घर गेली बरीच वर्षं वाढतच होतं. निवड करायचा अल्पेश, आणि अल्पेशला सिक्सरपलीकडे काही दिसायचं नाही. म्हणून यंदा सासूने, लक्ष्मीने, फर्मान काढलं होतं. "या वर्साला सून नावा घेल. शिकलेली हाय, दिसभर खिडकीत बसून पोरांना बघतंय. बघू तरी काय दिवा लावतंय."

आणि सुनेने हा दिवा लावला होता.

"पण हसायला काय झालं?" हेमालीचे कान तापले होते. "पोरगा चांगला नाहीये का?"

"चांगला हाय गो," लक्ष्मी पदर तोंडावर धरून म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं. "पन येत्या ऐतवारला पुनव हाय. उधाणाचा पानी. उधाणाला बोटी कुठं असतान?"

"पण स्पर्धेच्या दिवशी बोटी बंद असतात ना?"

यावर तर सॅम्युएल अंकलही खडू ठेवून हसले.

मीरा रोडला, शांती नगरच्या सेक्टरात वाढलेल्या हेमालीने लग्नानंतर दरवर्षी हेच पाहिलं होतं, की स्पर्धेच्या दिवशी सगळ्या बोटी किनाऱ्याला. तिला वाटायचं, स्पर्धा असते म्हणून बोटी बंद ठेवतात. खरं तर उलटं होतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढ नसते, जाळ्यात काही येत नाही, बोटी आपसूक बंद असतात, म्हणून स्पर्धा तेव्हा भरायची. यंदा मैदान मिळालं ते नेमकं पुनवेच्या रविवारी. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की उधाणाला ओढ असते, बोटी समुद्रात, या वेळी बोटीवरची नावं बाद.

"आनि जॉय कुनाचे बोटीवर खलाशी हाय?" लक्ष्मीने शेवटचा खिळा ठोकला. "तुज्याच सासऱ्याचे!"

कोपऱ्यात बिडी ओढत बसलेल्या धर्माने, त्या बोटीचा तांडेल म्हणजे कप्तान असूनही, मान खाली घातली.

रेवा झाल्यापासून हेमालीने मीरा रोडच्या इन्शुरन्स ऑफिसातली नोकरी सोडली होती. स्टॅटिस्टिक्सची पदवी कपाटात आणि पोर कडेवर. दिवसभर ती एकच काम करायची, काळजी. रेवा शिंकली की काळजी, शिंकली नाही तरी काळजी. खिडकीतून चौकाजवळच्या किनाऱ्याची वाळू दिसायची. ओहोटीला तिथे पोरांची प्रॅक्टिस चालायची, आणि रेवाला खिचडी भरवता भरवता हेमाली त्यांना बघायची. आधी नुसतीच, मग ठरवून.

रेवा तेव्हा नुकती उभी राहायला लागली होती. धपकन पडायची आणि पडल्यावर आधी आईकडे बघायची. आई घाबरलेली दिसली की भोकाड. आई दुसरीकडे बघत असली की उठून पुन्हा भिंत धरायची. एके दिवशी हेमालीच्या लक्षात आलं, की वाळूवरची मोठी पोरंही काही वेगळी नाहीत. ट्रेव्हरचा कॅच सुटला की तो आधी बघणाऱ्यांकडे बघायचा, मग वाळूला लाथ मारायचा, मग बॉलमागे जायचा. रेनॉल्डचा सुटला की तो स्वतःच्या हाताकडे बघत राहायचा, जणू हात दुसऱ्याचा आहे. जॉयचा कॅच सुटला की जॉय कुणाकडेच बघायचा नाही. त्याची नजर बॉल सोडायचीच नाही. पडल्या पडल्या, गुडघ्यावरूनच, त्याचा थ्रो गेलेला असायचा.

"बास! हाच," ती त्या दिवशी रेवाला म्हणाली होती. रेवाने खिचडी थुंकली होती.

त्या ओट्यावर उरलेली चार नावं तिने याच मापाने घेतली. कुणी ऐकलीही नसतील अशी नावं. प्रत्येक नावाला अल्पेश एक सुस्कारा सोडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात कपडे वाळत घालत होती, तर पलीकडे मॅबेल मावशी बांबूच्या वलांडीवर बोंबील अडकवत होत्या. हेमालीला वाटलं, आता या पण टोमणा मारणार.

"काल माज्या पोराचं नाव पयलं घेतलंस," मॅबेल म्हणाल्या.

"चुकून घेतलं मावशी. मला उधाणाचं कळलंच नाही."

"ते ठीक हाय गो." त्यांनी दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवली आणि बांबूवर टाकली. "पन घेतलं ना? त्या फळ्यावर आजपावतो बोटीवरच्या पोराचं नाव पयलं कुनी न्हाय घेतलं. पाचवं घेतान, उरलं म्हनून. आज असतान, उद्या नसतान, कोन घेल? आनि सांगू तुला? आज तो इस्त्रीचा शर्ट घालून बोटीवर गेला. जाळी ओढाला इस्त्री! मी म्हटलं, मेल्या, लगीन हाय का तुजं?"

दोघी हसल्या. पण हसण्यावारी नेलेली चूक आता कुणाच्या तरी अंगावर इस्त्री होऊन चढली होती.

नियम असा होता, की शनिवारी संध्याकाळी चर्चची घंटा होईपर्यंत एक नाव बदलता यायचं. घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

"रेनॉल्ड अजून मोकळा आहे," अल्पेश काशीमीऱ्याच्या गॅरेजमधून दुपारी फोन करून सांगायचा. जेवलीस का हे विचारायच्या आधी. "बदल ना. कुणी काही बोलणार नाही. उलट सगळे म्हणतील, आली अक्कल."

लक्ष्मी एकदाच भाकरी थापता थापता म्हणाली, "पुढच्या वर्सी परत अल्पेशलाच बसवू. तुला उगाच ताप." हेमालीला ते लागलं. खेळाचं एवढं काही नव्हतं. पण या घरात आल्यापासून 'तू बघ, तू ठरव' असं तिला पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं. नाहीतर मासळी कोणती घ्यायची इथपासून पोरीला तेल कोणतं लावायचं इथपर्यंत तिला सगळं सांगितलंच जायचं.

शुक्रवारी जेवताना धर्माने विषय काढला. हा माणूस एरवी जेवताना मीठसुद्धा मागायचा नाही. "ऱ्हाऊ दे जॉयला ऐतवारी घरी," तो ताटात बघत म्हणाला. "मी घेईन सांभाळून."

"कशाचा सांभाळून?" लक्ष्मी कडाडली. "उधाणाचे पान्यान एक मानूस कमी? मागच्या वर्साला कंबर धरली तवा कोन चोळत होता?"

"बाबा, नको," हेमाली घाईने म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे सासरे ताणलेल्या दोराशी एकटे वाकलेले उभे राहिले. काळजीच्या बाबतीत तिचं डोकं वाऱ्याच्या वेगाने धावायचं. "असलं काही करू नका. मला झोप लागणार नाही."

धर्माने मान डोलावली आणि आणखी भात घेतला. सुटल्यासारखा दिसत होता.

शनिवारी घंटेच्या जरा आधी जॉय स्वतःच दारात आला. केस ओले, पायात चप्पल नाही.

"वहिनी, नाव बदला."

"का?"

"काका परवा म्हनाले, ऱ्हा घरी. पन मी न्हाय ऱ्हात. त्यांचा दोर मी धरतो, दुसऱ्याला तो जमत न्हाय." तो रेवाकडे बघून हसला. "तुमचं जेवान वाचेल. रेन्या पन बरा खेळतो."

"रेन्या बरा खेळतो?"

जॉयने जरा विचार केला. "बरा म्हंजे... बरा."

हेमालीने रेवाला कडेवर घेतलं आणि ती ओट्याकडे निघाली. अल्पेश मागे, "बदलतेयस ना? बदलतेयस ना?" करत. सॅम्युएल अंकल ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी तयारच बसले होते. त्यांनाही सगळं ठाऊक होतं. गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं? दोन-चार घरं तर मजा बघायला ओट्याखाली उभी होती.

"पुसू?" अंकलनी विचारलं.

हेमाली फळ्याकडे बघत राहिली. पाऊस नसला तरी छत्री नेणारी बाई होती ती. रेवासाठी दोन थर्मामीटर ठेवणारी.

"नाही अंकल. राहू द्या."

"अगं, तो खेळणारच नाहीये!" अल्पेश ओरडला.

"माहितीय. पण आपण चांगलं पोर निवडायला बसलो होतो ना? मी बघून निवडलंय. तो उद्या समुद्रात असेल म्हणून काय वाईट खेळाडू झाला?"

घंटा झाली. अंकलनी फडकं खाली ठेवलं. ओट्याखालून कुणीतरी म्हणालं, "धर्माचे घरचा भात पक्का!" आणि पुन्हा हसण्याची लाट आली. या वेळी हेमालीही हसली.

रविवार मात्र असा गेला, की गल्ली वर्षभर बोलेल. हेमालीच्या चार अनोळखी पोरांनी कॅचमागून कॅच घेतले. दुपारपर्यंत धर्माचं घर वरून दुसरं होतं आणि लक्ष्मी मैदानाच्या दोरीशी उभी राहून, ज्यांची नावंही तिला येत नव्हती, त्यांना "मार रे माज्या बाला!" करून ओरडत होती. मग ट्रेव्हर खेळायला आला आणि त्याने हेमालीचं सगळं शास्त्र धुळीला मिळवलं. प्रत्येक सिक्सरनंतर तो बघणाऱ्यांकडे बघत होता आणि पुढच्या बॉलला पुन्हा सिक्सर मारत होता. बाकीच्या घरांच्या पाचव्या पोरांनीही भर घातली, आणि संध्याकाळी पॉइंट मांडले तेव्हा चौघांच्या जिवावर धर्माचं घर अगदी थोडक्यात शेवटचं आलं होतं.

"थोडक्यात!" लक्ष्मी कांदा चिरता चिरता येईल त्याला सांगत होती. "अल्पेशचे टायमाला डबल-डबलने हरत होतो. आता थोडक्यात!" अल्पेश नारळ खवत होता. त्याला आज बोलायची परवानगी नव्हती.

मॅबेल मावशी सोललेल्या कोलंबीचं पातेलं आणि त्यांच्या मसाल्याची बाटली घेऊन मागच्या दाराने आत आल्या.

"हरलेल्या घरानंच रांधायचं, मॅबेल," लक्ष्मी म्हणाली. "नियम हाय."

"मग? पोरगा तुमचे टीमात हाय ना? मी पन हरलेलीच." त्यांनी पदर खोचला. "सर तिकडं. कालवणाला चिंच जास्त टाकलीस, वासावरनं कळतंय."

लक्ष्मीने खरंच जागा करून दिली. मग चुलीतली लाकडं पुढे सारत, हेमालीकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वर्साला आदी चांद बघ. मंग पोरं बघ."

हेमालीने रेवाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "हो आई," एवढंच म्हणाली. मग डोळे पुसले. चुलीचा धूर होता, बरं झालं.

गल्लीत पंगत बसायच्या वेळेला बोट आली. जॉय आणि धर्मा तसेच, अंगावर मिठाचे पांढरे डाग घेऊन, वर आले. ट्रेव्हर पंगतीच्या मधोमध राजासारखा बसला होता. तो ओरडला, "काय रे जॉय, किती पॉइंट केलेस?"

"जाळं भरून!" जॉय म्हणाला. पंगत खो खो हसली.

मॅबेलने त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण तो बसला नाही. नळावर हातपाय धुतले, टॉवेल कमरेला बांधला आणि भाताची टोपली उचलली. हरलेल्या टीमचा होता तो. धर्माही हरलेल्या घरचा, त्याने कालवणाची बादली घेतली.

दोघे पंगतीतून निघाले. जॉय पुढे, भात वाढत. धर्मा त्याच्या मागे, एक हात कमरेवर ठेवून. समुद्रावर ज्याच्या एका हाकेला बोट वळते तो तांडेल. मधेच जॉय थांबून म्हणायचा, "काका, इथं ऱ्हायलं," आणि धर्मा त्याच्या बोटाच्या दिशेने वाकून वाढायचा.