बादली पिणारा नळ

जालन्यातल्या एका छोट्या कंपनीत रूपाली पाणीयोजनांची कामं बघायची. टेंभुर्णीच्या पलीकडच्या एका गावाची नळयोजना तिनं संगणकावर उतरवली होती. विहिरीवरचा पंप, तिथून सरळ गावात जाणारी पाइपलाइन, खालची आळी आणि टेकडीवरची बारा घरं. मॉडेल चालवलं की सगळीकडे दाब नीट यायचा, टेकडीवर मात्र उणे चार. म्हणजे नळानं पाणी द्यायच्या ऐवजी आत ओढायचं.

दोन दिवस ती त्या आकड्याच्या मागं लागली. जमिनीच्या उंच्या तपासल्या, पाइपांची मापं पुन्हा भरली, पंपाचा तक्ता ताडून पाहिला. आकडा जागचा हलेना. आदिनाथ सरांनी पडद्याकडे वाकून बघितलं, असं खऱ्यात कुठं होत नसतं, मोठा पंप टाक आणि अहवाल दे, असं सांगून ते चहाला गेले. मोठा पंप टाकला की आकडा गप्प बसेल, हे रूपालीलाही कळत होतं. पण तो काय सांगतोय ते मग कळायचंच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तिनं गाव गाठलं.

पंप चालवणाऱ्या अप्पारावांनी तिला टेकडीवर मालनबाईच्या अंगणात नेलं. मालनबाई बोलायलाच तयार नव्हती. हिच्या घरचा नळ पाणी पितो म्हणे, असं अप्पारावांनीच हसत सांगितलं. सगळं गाव तिला त्यावरून चिडवायचं.

रूपाली हसली नाही. "खरंच पितो का, मावशी?"

मालनबाईनं तिच्याकडे नीट बघून घेतलं. "मोटर चालू झाली की अर्धी बादली येतं. नळी बादलीत तशीच ठिवून मी पीठ मळून येते, तवर बादली कोरडी. कोणाला पटून न्हाई राह्यलं."

अप्पारावांनी पंप चालू करायला निरोप धाडला. थोड्या वेळानं नळी फुरफुरली, बादली निम्मी भरली. मग खालच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडला गेला, तिथले नळ सुटले आणि धार थांबली. नळीतून गुडगुड आवाज आला आणि बादलीतलं पाणी बोटाबोटानं उतरायला लागलं. अप्पाराव उकिडवे बसून बघतच राहिले.

रूपालीनं नळी झटकन बादलीतून वर उचलली. अंगणातलं उघडं, घाण झालेलं पाणी परत सगळ्या गावाच्या पिण्याच्या पाइपात जात होतं.

खालच्या आळीत नळांना तोट्याच नव्हत्या. पाणी मोकळं वाहायचं, इतकं पाणी ढकलताना पंपाचा जोर सरायचा आणि टेकडी उपाशी राहायची. तिनं ओट्यावरच लॅपटॉप उघडला आणि मॉडेलमध्ये खालच्या आळीचा व्हॉल्व्ह निम्मा आवळला. टेकडीवर अधिक सहा आले. खालीही पुरेसा दाब उरत होता.

अप्पाराव चावी घेऊन खाली गेले आणि खराखुरा व्हॉल्व्ह आवळला. पाव तासानं मालनबाईच्या नळाला धार लागली आणि लागूनच राहिली. एक बादली भरली, दुसरी भरली, मग घागर.

अहवालात मोठा पंप नव्हता. घरोघरी तोट्या, आवळलेला व्हॉल्व्ह आणि बादलीत नळी बुडवून ठेवायची नाही, एवढंच होतं. आदिनाथ सरांनी तो दोनदा वाचला आणि सही केली.

व्हॉल्व्ह आवळला त्या दिवशी अप्पाराव दमून वर आले तेव्हा मालनबाईनं त्यांना चहा दिला आणि पारावर जाऊन सगळ्यांना खरं सांगा म्हणाली. रूपाली एसटीची वाट बघत उभी होती, तेव्हा पारावरून अप्पारावांचा आवाज तिच्या कानावर आला.

"म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. मालनबाईचं बिलकुल बराबर व्हतं."