ठिपका वर, तर गोड

ती गेल्याची बातमी घरात आली, त्या दिवशी माझ्यावर अर्धी लाल ढोबळी मिरची पालथ्या वाटीखाली झाकलेली होती. सकाळी दवाखान्यात तपासणीला निघताना तिनेच ती झाकली होती. "आल्यावर उरलेली चिरते," असे म्हणून तिने पायात चपला सरकवल्या. दुपारी तिचा नवरा एकटाच परत आला. स्वयंपाकघरात येऊन त्याने वाटी उचलली, मिरचीकडे पाहिले आणि वाटी होती तशीच पुन्हा ठेवली. मिरची सुरकुतली, तरी पुढचे दोन दिवस तिला कोणी हात लावला नाही.

मित्रांनो, मी या घरातली भाजी चिरायची फळी. आता कडा झिजल्या, मधोमध खळगा पडला. पण एके काळी मी एका दाराचा उरलेला तुकडा होते. कोपऱ्यावरच्या सुताराने मला दोन्ही बाजूंनी रंधा मारला, कोपरे गोल केले आणि तिच्या हातात दिले. ती मला काखेत मारून घरी घेऊन आली. त्याच संध्याकाळी तिने लोखंडी उलथन्याची दांडी तापवली आणि माझ्या एका कोपऱ्यात टेकवली. चर्र झाले. तिथे हरभऱ्याएवढा काळा ठिपका उमटला. मला वाटले, नव्या नवरीला डाग दिला! पण त्याला कारण होते.

ती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिथे तोंड आलेले, पोट दुखावलेले रोगी असत. त्यांच्या भाजीला तिखटाचा वासही लागू नये म्हणून तिखटाची फळी वेगळी असे. घरात दोन फळ्यांना जागा नव्हती, म्हणून तिने माझ्याच दोन बाजू वाटून दिल्या. ठिपका वर असेल तर गोड, ठिपका खाली गेला की तिखट. तिखट बाजूवर तिच्या मिरच्या, गोड बाजूवर त्याच्या ढोबळ्या.

कारण तिखट त्याला चालायचे नाही. तो मालगाडीचा ड्रायव्हर होता, आवाज भारदस्त, मिशा जाड. पण मिरचीचा तुकडा दाताखाली आला की डोळ्यांतून धारा. ती म्हणायची, एवढं मोठं इंजिन हाकता आणि बोटभर मिरची दिसली की गाडी यार्डात. तो म्हणायचा, तुझ्या जिभेला कातडं नाही, पत्रा आहे. ती रोज जेवताना एक कच्ची मिरची कचाकचा चावायची आणि त्याच्याकडे मुद्दाम बघायची.

दोघांचा जुना वाद एकच. अंगाला जास्त कोणती लागते, गोड की तिखट? तो म्हणायचा, ढोबळीच, केवढी मोठी असते बघ. ती म्हणायची, त्यात निम्मी हवा आणि उरलेलं पाणी. एकदा तिने रुग्णालयातल्या आहाराच्या बाईंना विचारलेच आणि रात्री जेवताना निकाल सांगितला. दोघी एकाच घराण्यातल्या. सारख्या वजनाच्या घेतल्या तर तिखट मिरचीत क जीवनसत्त्व बहुधा जास्तच भरते. पण सारख्या वजनाच्या खातो कोण? तिखट एक, फार तर दोन पोटात जातात. ढोबळी अख्खी जाते, कच्चीसुद्धा जाते. हिरवीपेक्षा पिकलेली लाल चांगली, मग ती गोड असो की तिखट. कच्ची खाल्ली तर क जीवनसत्त्व टिकते, फार शिजवली की बरेचसे निघून जाते. आणि तिखटपणा म्हणाल, तर तो आतल्या पांढऱ्या शिरांत असतो. बियांना तो शेजारधर्माने लागतो.

"म्हणजे जिंकलं कोण?" त्याने विचारले.

"वजनाला माझी भारी, पोटाला तुमची," ती म्हणाली. "आणि तिखटपणा म्हणजे काही पोषण नव्हे. तो स्वभाव आहे."

"तो मला माहीत आहे," तो म्हणाला, आणि ती इतकी हसली की पाण्याचा पेला लवंडला.

पुढे त्यांच्या लेकीला मुलगी झाली. लेकीची औषधाच्या दुकानात दिवसभराची नोकरी, म्हणून नात सकाळी इथे यायची आणि संध्याकाळी घरी जायची. समोरच्या दोन दातांनी ढोबळीचे काप कुरतडायची, म्हणून आजीने तिचे नाव खारूताई ठेवले. खारूताईला दुसरी कुठली भाजी गिळवत नसे, पण लाल ढोबळी दिली की पानात काही उरायचे नाही. ठिपका वर करून आजी काप करायची आणि शेवटचा काप आजोबांच्या तोंडात जायचा.

आजी गेल्यावरही खारूताई येतच राहिली. आजोबांना तर तेच हवे होते. ती दारात आली की घरात आवाज यायचा. संध्याकाळी ती घरी गेली की नळाचे थेंब ऐकू यायचे. आयुष्यात कधी भाजी न चिरलेला तो माणूस सुरी हातात धरायला शिकला. आणखी एक गोष्ट त्याने सुरू केली. जेवायच्या आधी तो एक तिखट मिरची चिरायचा आणि स्वतःच्या ताटात ठेवायचा. खायचा नाही. नुसती ठेवायचा. आजीच्या ताटात असायची, म्हणून.

आणि इथेच घोटाळा झाला. ठिपक्याचे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. जी बाजू वर असेल त्या बाजूवर त्याने मिरची चिरली, ओल्या फडक्याने मला पुसले आणि तिथेच खारूताईची ढोबळी चिरली. मला ओरडता येत असते तर ओरडले असते. खारूताईने पहिला काप तोंडात घातला, मग त्याच हाताने डोळे चोळले. पुढचा अर्धा तास ती आणि तो, दोघेही मोरीत होते.

दुसऱ्या दिवशी तेच झाले. त्याने फडके बदलले होते, बाजू नाही. त्यानंतर खारूताई त्याच्या हातचे काहीच खाईना. काप पुढे केले की ओठ घट्ट मिटायची. लेक संध्याकाळी आली, पोरीचा उतरलेला चेहरा पाहिला आणि शांतपणे म्हणाली, बाबा, तुमच्याच्याने होत नसेल तर मी हिला पाळणाघरात ठेवते. मग तिचे लक्ष ओट्यावर माझ्याकडे गेले. तिने मला उचलले, उलटे केले, ठिपक्यावर बोट ठेवले.

"बाबा, तुम्ही तिखट बाजूवर चिरताय. आईनं सांगितलं नाही कधी?"

"मी कधी चिरलंच नाही गं," तो म्हणाला. "तिला काय माहीत, माझ्यावर ही वेळ येईल."

लेकीने मला ठिपका वर करून ओट्यावर ठेवले. मग म्हणाली, हा आठवडा बघू. पोर जेवली तर ठीक.

दुसऱ्या दिवशी त्याने मला गरम पाण्याने आणि साबणाने घासले, पुसून कोरडे केले आणि खारूताईला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवले. तिला म्हणाला, तू तपासनीस. ठिपका दिसल्याशिवाय मी सुरी उचलणार नाही. तिने वाकून पाहिले आणि स्टेशनमास्तरासारखा हात वर केला. त्याने ढोबळी चिरली. काप जाडेभरडे, एक इकडे, एक तिकडे. पण खायला ती तयार नव्हती. तेव्हा पहिला काप त्याने स्वतःच्या तोंडात टाकला, आणि चावता चावता त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"बघा," खारूताई मागे सरकली. "तिखट आहे."

"नाही गं. हे तिखटाचं पाणी नाही."

"मग कशाचं?"

"आजीचं," तो म्हणाला. "शेवटचा काप ती मला द्यायची ना."

खारूताईने त्याच्याकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. मग एक काप उचलून समोरच्या दातांनी टोकाशी, अगदी एवढासा, कुरतडला. थांबली. पुन्हा कुरतडला. ताट रिकामे व्हायला आले, तेव्हा शेवटचा काप तिने त्याच्यापुढे धरला.

आठवडा सरला. पाळणाघराचे नाव पुन्हा निघाले नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या लाकडाची काळजी घेणे अवघड नाही. पाण्यात भिजत टाकू नका, पुसून उभे करून वाळवा, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. आणि घरात जे माणूस रोज चिरते, त्याला आजच विचारून ठेवा की कुठली बाजू कशाची. सांगायला ते आहे, तोवर.

लेकीने सुचवले की तिखट बाजूला रंधा मारून घ्या, म्हणजे मुरलेला तिखटपणा निघून जाईल. तो मला घेऊन त्याच कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेला. सुतार आता म्हातारा झाला आहे, पण त्याने मला लगेच ओळखले. दोन हात मारले की नवी होईल, म्हणाला.

"आणि तिच्या सुरीच्या या रेघा?" आजोबांनी विचारले.

"त्या जातीलच की. त्यासाठीच तर मारायचा."

आजोबांनी त्या रेघांवरून अंगठा फिरवला, मला काखेत मारले आणि घरी आणले. आता रोज ठिपका वर असतो. तिखट मिरची तो न चिरता, अख्खीच ताटात ठेवतो.

रंधा मारायचा अजून राहिला आहे.